बोनेलीचा शेवटचा गोळा

"बघ, कशी लख्ख केली!" असं म्हणत आईनं ती चिनी मातीची बरणी माझ्या नाकासमोर धरली. "राखेनं घासली. आतमधी तोंड दिसंल तुझं."

तोंड दिसलंच. ते बघण्यासारखं नव्हतं.

"आई, यात होतं ते कुठंय?"

"ते आंबूस पाणी व्हय? मागं कढीपत्त्याला घातलं. पार रोडावलाय बिचारा. आंबट पडलं की कसा तरारतो बघ आता."

मी मटकन पोत्यावर बसले. बाहेर लोकांची रांग लागली होती आणि तिथे नुसता गलका चालला होता. बोनेलीशेठ दुकानात सॉसेजच्या माळा उतरवत मोठ्यानं गात होते. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. आई पदराला हात पुसत माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं बघत होती. तिची तरी काय चूक? आमच्या घरात, आमच्या आळीत, अख्ख्या देवळाली कॅम्पात कुठल्याही बाईला आंबट ताकाचं उरलंसुरलं पाणी दिसलं, की तिचे पाय आपोआप कढीपत्त्याकडे वळतात.

पण ते उरलंसुरलं नव्हतं. ती निवळी होती. आज चीज केलं, की त्यातून निघालेली निवळी बरणीत झाकून ठेवायची. सकाळपर्यंत ती आंबते आणि त्या आंबटावर उद्याचं चीज होतं. आपल्या विरजणासारखंच ते. दुकान उघडलं त्या दिवसापासून, म्हणजे बेचाळीस वर्षं, तो धागा एकदाही तुटला नव्हता. शेठ न्यूमोनियानं आडवे पडले होते तेव्हाही त्यांच्या बायकोनं, मार्गारेटबाईंनी, तो तुटू दिला नव्हता. आणि आता दुकानाच्या शेवटच्या दिवशी माझ्या आईनं तो कढीपत्त्याला घातला.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालातली. आर्तुरो बोनेली हा इटालियन माणूस दुसऱ्या महायुद्धात कैदी होऊन इकडे आला, सुटला, परत काही गेला नाही. नाशिकच्या शरणपूरमधल्या एका नर्सशी लग्न करून त्यानं लॅम रोडवर दुकान टाकलं. सॉसेज, लोणच्यातली ऑलिव्हं, तेलात मुरवलेली वांगी आणि म्हशीच्या दुधाचं पांढरंशुभ्र ताजं चीज, मिठाच्या पाण्यात पोहणारे गोळे. त्याला मोझरेला म्हणतात हे कॅम्पात फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणायचे, बोनेलीचा गोळा. हवा पालटायला येणारे मुंबईचे पारशी, तोफखान्यातले साहेब, सुट्टीतले विद्यार्थी, सगळ्यांनी तो खाल्लेला. पण आता मालकानं ती बैठ्या दुकानांची अख्खी ओळ बिल्डरला विकली होती. शेठ त्याच संध्याकाळी पुण्याला मुलीकडे जायचे होते.

त्या गोळ्यांचं दूध आमच्या गोठ्यातलं. माझे अप्पा गवळी, गोठा दुकानाच्या मागच्याच बोळात. मी दहावी झाल्यावर दूध पोहोचवायला म्हणून दुकानात शिरले ती तिथेच राहिले. माझं लग्न लांबण्याचं खापर आई त्या गोळ्यांवरच फोडायची. शेठनी मला सगळं शिकवलं, पण शिकवताना एकदाही नावानं हाक मारली नाही. "ए पोरी, पाणी!" "ए पोरी, हात धुतले का?" मला त्याचा राग यायचा आणि मी तो घमेल्यावर काढायचे.

दुकान बंद होणार म्हटल्यावर अप्पांनी म्हशी विकायचं ठरवलं होतं. कॅम्पात पिशवीचं दूध आलं होतं, मोठं गिऱ्हाईक म्हणजे दुकानच उरलं होतं. सिन्नरचा व्यापारी पक्का झाला. मी तीन रात्री भांडले, तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "तुझा तो मुंबईचा हाटेलवाला येनार हाय ना? त्यानं हो म्हनलं तर म्हशी दावणीला ऱ्हातील. नाय म्हनला तर दुपारी टेम्पो."

मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलचे शेफ वालावलकर महिन्यापूर्वी येऊन गेले होते. लहानपणी सुट्टीत इथे येऊन त्यांनी तो गोळा खाल्ला होता. दुकान बंद झालं तरी ही मुलगी गोठ्यात चीज करून पाठवेल, हे त्यांना मान्य होतं. "फक्त शेवटच्या दिवशी मला ताजं खायला घाला, मग तिथेच काय ते ठरवू," असं म्हणून ते गेले होते. आणि तो दिवस आज होता.

मी शेठना जाऊन सांगितलं. सॉसेजची माळ गळ्यात तशीच ठेवून ते आधी इटालियनमध्ये ओरडले, मग मराठीत. मराठीतलं जास्त झोंबणारं होतं, कारण ते आमच्याच गोठ्यात शिकलेलं होतं. मग ते आईसमोर येऊन उभे राहिले. आईला ते वहिनी म्हणत, त्यामुळे त्यांची फार पंचाईत झाली.

"वहिनी," ते कसेबसे म्हणाले, "तुमी माझी बेचाळीस वर्षं कढीपत्त्याला घातली!"

"मला काय म्हाईत, भाऊजी? पर कढीपत्ता तुमचाच हाय ना!"

"कालची बाकीची निवळी?" त्यांनी मला विचारलं.

"म्हशींना पाजली. रोजच पाजतो."

शेठ तडक बाहेर गेले आणि त्यांनी रांगेला सांगून टाकलं, "आज गोळा नाय. लोणची न्या, सॉसेज न्या, गोळा नाय!"

रांगेतून असा काही आवाज उठला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. सगळ्यात पुढे खोरशेदबाई होत्या, छत्री घेऊन. समोरच्या बंगल्यात राहायच्या आणि शेठशी रोज एकदा भांडल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. "अरे आर्तूर," त्या गरजल्या, "सकालपासून मी काय लोनचा खायला उभी हाय? गोला पायजे म्हंजे पायजे!"

मी मागच्या खोलीत दुधाच्या पातेल्यापाशी उभी होते. दूध कोमट झालेलं, तयार. त्या दुधाकडे बघून माझं डोकं एकदम पेटलं. रडू येतच होतं, पण राग त्याच्या आधी आला.

"आई, घरी ताक आहे?"

"आपल्या घरी ताक नाय असा एक दिवस दाखव मला."

"आंबट?"

"दात आंबतील असं."

"पळ!"

माझी आई अंगानं चांगली भरलेली. तिला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ती बोळातून गेली आणि कासंडीभर ताक घेऊन आली, तेही फार न सांडता. शेठ दारात आडवे आले.

"हे काय?"

"ताक."

"माझ्या दुकानात कढी करून ऱ्हायली का तू?"

"शेठ, दुधाला आंबट हवं ना? हे आंबट आहे."

"आंबट तर चिंच पन असती!"

"मग चिंच घालू? की त्या शेफना लोणचं चाटवून परत पाठवू? तुमचं काय, तुम्ही संध्याकाळी पुण्याला. आमच्या म्हशी दुपारी सिन्नरला!"

इतक्या वर्षांत मी त्यांना असं उलटून बोलले नव्हते. आई डोळे मोठे करून बघत राहिली. शेठनी गळ्यातली माळ काढली, टेबलावर आपटली आणि म्हणाले, "कर. काय करायचं ते कर. मला बघवत नाय." आणि ते बाहेर पायरीवर रांगेकडे पाठ करून जाऊन बसले.

मी ताक गाळून दुधात घातलं. थोड्या वेळानं जमवायच्या औषधाचे थेंब टाकले. दूध छान जमलं, सुरीनं कापलं, हिरवट निवळी वर आली. इथवर कोणालाही जमतं. खरी परीक्षा पुढे असते. तो दह्यासारखा गठ्ठा निवळीत बसून आंबावा लागतो. नेमका आंबला, की त्याचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकून ओढला तर रबरासारखा लांब होतो. आम्ही त्याला ओढ येणं म्हणायचो. ओढ येण्याआधी हात लावला तर चुरा, उशीर झाला तर चिखल. जुन्या निवळीचं वागणं मला पाठ होतं. या ताकाची मात्र आज पहिलीच भेट होती.

पहिला तुकडा टाकला. चुरा.

"थांब जरा," आई म्हणाली. "माझं ताक हाय, सावकाश काम करतं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शेफ वालावलकर आले होते, पांढरा शर्ट, हातात छोटी सुटकेस. मी दाराच्या फटीतून बघितलं; गठ्ठा अजून तयार नव्हता. पण रांगेला एव्हाना सगळी बातमी लागली होती. आई ताक घेऊन पळाली ते अख्ख्या लॅम रोडनं पाहिलं होतं. लोकांनी शेफना जे धरलं ते सोडेनात. एकानं खुर्ची दिली, दुसऱ्यानं चहा. खोरशेदबाईंनी त्यांच्या हातात वांग्याची बशी कोंबली. "खा नी, डिकरा! शहेरमदी असा वांगा भेटते काय?"

"पण चीज..." शेफ म्हणाले.

"येते, येते. चीज काय पलून जाते?"

दुसरा तुकडा. किंचित लांबला आणि तुटला. मी पाणी परत उकळायला ठेवलं. माझे हात लाल झाले होते आणि खरं सांगते, भीती होती तितकीच मजाही येत होती. इतकी वर्षं शेठ खांद्यावरून बघत असायचे. आज खांद्यावरून बघणारं कोणी नव्हतं. ओढ आली का, हे आज मीच ठरवणार होते.

तेवढ्यात बाहेर घंटांचा आवाज झाला. व्यापारी वाट बघून कंटाळला होता. आमच्या म्हशी घेऊन तो बोळातून रस्त्यावर आला होता, टेम्पोकडे न्यायला. पुढच्या म्हशीचा, पाखरीचा, दोर त्याच्या हातात. अप्पा त्याच्यामागून मान खाली घालून चालत होते. दुकानासमोर येऊन ते थांबले.

"सोपानराव, आटपा की," व्यापारी अप्पांना म्हणाला.

"पोरीचं व्हऊ द्या," अप्पा म्हणाले. "तवर कुटं जाताय?"

मी तिसरा तुकडा टाकला. काठीनं दाबला, उचलला, दोन्ही हातांनी ओढला. तो लांबला. अजून लांबला. चकचकीत, गुळगुळीत, माझे दोन्ही हात पसरले तरी तुटेना.

"ओढ आली!" मी एवढ्या जोरानं ओरडले की आईच्या हातातलं झाकण पडलं.

बाहेर रांगेनं टाळ्या वाजवल्या. आणि काय आश्चर्य, शेठ बाह्या सारत आत! "पानी बघ, पानी! एवढं गार पानी? कोनी शिकवलं तुला, ए पोरी?"

"तुम्हीच!"

"मी असं नाय शिकवलं!"

मग आम्ही दोघं त्या घमेल्यावर वाकलो. शेठ काठीनं फिरवत होते, मी ओढत होते, दुमडत होते. ते गठ्ठे एकजीव होत गेले. शेठ ओरडत होते, मी ओरडत होते, आई मिठाच्या पाण्याची बादली इकडून तिकडे सरकवत होती. मी गोळे चिमटून तोडायला लागले आणि शेठचा हात थांबला. ते नुसते बघत राहिले. मला वाटलं, काहीतरी चुकलं. पण त्यांनी मिठाच्या पाण्याची बादली माझ्याजवळ सरकवली.

पहिला गोळा कापून बशीत शेफपुढे गेला. रांग मोडून सगळे दारात गोळा झाले. शेफनी एक काप तोंडात टाकला, डोळे मिटले आणि हळूहळू हसले.

"तेच," ते म्हणाले. "मी आठ वर्षांचा असताना खाल्लं होतं, तेच. बोनेलीसाहेब, दर गुरुवारी आमची गाडी येईल. मेनूवर छापतो, बोनेलीचं चीज, देवळाली."

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मान वर केली होती.

शेठनी बशीतला एक काप उचलला, चावला, चघळला. मग ते म्हणाले, "नाय. हे बोनेलीचं नाय."

"म्हणजे?"

"माझं नाय हे. माझं विरजण सकाळी गेलं. बोनेलीचं चीज काल संपलं. हे यांच्या घरच्या ताकाचं."

मला वाटलं, त्या घमेल्यात त्यांचं डोकं बुडवावं. एक शब्द, फक्त एक हो, एवढंच लागत होतं. चव तीच, दूध तेच, करणारे हात तेच. शेफचा चेहरा उतरला. "अहो, पण नाव महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "आमचे मालक बोनेली नावावर तयार झालेत. नाव नसेल तर... मला मुंबईला जाऊन विचारावं लागेल. आज शब्द नाही देता येणार."

"नाव देता येनार नाय," शेठ म्हणाले. "खोटं हाय ते."

"शेठ!" मी म्हणाले. "म्हशी बाहेर उभ्या आहेत!"

"दिसतात मला."

"मग?"

व्यापाऱ्यानं दोराला हिसका दिला, पाखरी जागची हलेना. शेफनी बशी ठेवली आणि सुटकेस उचलली. मी रागानं गोळे मोजून मोजून पाण्यात टाकत राहिले, कारण हात रिकामे ठेवले असते तर मी खरंच काहीतरी फेकून मारलं असतं.

शेठनी ॲप्रन काढला. तो घडी करून त्यांनी गल्ल्यापाशी ठेवला, दुकानातून बाहेर आले, पायऱ्या उतरले आणि पुन्हा लागलेल्या रांगेच्या अगदी शेवटी, एका शाळकरी मुलीमागे जाऊन उभे राहिले.

कोणाला काही कळेना. बेचाळीस वर्षांत त्या माणसाला दुकानासमोरच्या रांगेत कोणी पाहिलं नव्हतं.

"आर्तूर, हे काय नाटक?" खोरशेदबाई म्हणाल्या.

"नाटक नाय. नंबर लावला."

खोरशेदबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग छत्री आडवी धरून त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना बाजूला सारलं. "चालो, याला पुढे येऊ द्या. गाडी हाय त्याची."

शेठ पुढे आले. आता त्यांच्या आणि माझ्यामध्ये फक्त फळीचं काउंटर होतं, मी आतून आणि ते बाहेरून. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. घसा साफ केला.

"मथुराबाई," ते म्हणाले, "एक गोळा द्या. तुमच्याकडचा."

माझं नाव त्यांना माहीत आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. आणि ते बाई! आणि ते द्या! आईनं मागून ढोसलं तेव्हा मी एक गोळा पानात बांधून त्यांच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला, एवढं आठवतंय. शेठ तिथेच उभे राहून तो खाऊ लागले, पाणी मनगटावरून ओघळत होतं.

"मीठ कमी," ते म्हणाले. "पन चीज हाय. आता माझं नाव घेतलं असतं ना, तर उद्या लोक म्हनले असते, बोनेलीसारखं ऱ्हायलं नाय. जन्मभर म्हनले असते. आता म्हना काय म्हनायचं ते. तिचं हाय."

"मथुराबाई, मला दोन," खोरशेदबाई ओरडल्या, "नी मीठ जास्त!"

मग एकच झुंबड उडाली. मथुराबाई इकडे, मथुराबाई तिकडे, काल ज्यांनी "ए, दूध आण" म्हटलं होतं तेही मथुराबाई. मी हसत होते, रडत होते, गोळे बांधत होते. मान वर करायला फुरसत नव्हती. म्हणून समोर कोण आलं ते मला आधी कळलंच नाही. फक्त फळीवर एक छोटी सुटकेस टेकलेली दिसली.

"मालकांना मी समजावतो," शेफ वालावलकर म्हणाले. "मेनूवर नवीन नाव छापायला फार काही लागत नाही. मथुराबाई, दर गुरुवारी किती देऊ शकाल?"

मी आईकडे बघितलं. आई पुढे झाली. सकाळपासून अपराध्यासारखी फिरत होती, ती आता कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हशींना इचारून सांगतो म्हनावं," ती म्हणाली.

अख्खी रांग हसली. शेठ तर ठसका लागेपर्यंत हसले. अप्पा मात्र हसले नाहीत. ते पुढे झाले, त्यांनी व्यापाऱ्याच्या मुठीतून पाखरीचा दोर सोडवून घेतला आणि तिला गोठ्याच्या दिशेनं वळवलं.